पाठीला पाठ

१

दर शनिवारी सूर्य उगवून अर्धा तास झाला, की मी आणि बाबा पाठीला पाठ लावून उभे राहतो आणि दहा मिनिटं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाही. आई म्हणते, आपल्या घरातली सगळ्यात शांत दहा मिनिटं तीच, आणि नेमकी तीच मला ऐकायला मिळत नाहीत, कारण मी तेव्हा घरी झोपलेली असते.

हे आमचं काम आहे. एखाद्या ठिकाणी नवी वसाहत उभारायची असेल आणि जागेत पाणथळ असेल, तर आधी पाहणी होते. पक्षी कुठले, किती, किती अंतरावर, ते एका हंगामात सहा वेळा मोजायचं. त्यावरून ठरतं, की पाण्यात मातीचे ट्रक रिकामे करायचे की पाण्याला सुखाने राहू द्यायचं. बाबा हे बत्तीस वर्षं करताहेत, मी चौदा. त्यांच्या हाताखाली इतके जण शिकले आणि पळाले, मलाच काय ते पळायला जागा नव्हती. मी त्यांची एकुलती एक. अडतीस वर्षांची झाले तरी ते मला ठमे म्हणतात.

यंदा आमच्या वाट्याला आलेल्या पाणथळीत कुणीतरी कधीकाळी बांधलेला फळ्यांचा लांबलचक ओटा आहे, अगदी पाण्याच्या पोटात शिरणारा. त्याच्या टोकाला उभं राहायचं. उगवतीकडचं पाणी माझं, मावळतीकडचं बाबांचं. दहा मिनिटं झाली, की जागा बदलायच्या आणि पुन्हा दहा मिनिटं. म्हणजे सगळं पाणी दोघांच्या नजरेखालून जातं, आणि दोघांचे तक्ते वेगवेगळे तयार होतात.

पाठ टेकवायची पद्धत मात्र खास बाबांची. नियम एवढंच म्हणतो, की आपली बाजू सोडू नका. पण एखादा थवा डोक्यावरून गेला की माणूस वळतोच, आणि तोच थवा दोनदा मोजला जातो. पाठ पाठीला लागलेली असली की कोण किती वळलं ते लगेच कळतं. मी वळले की बाबा कोपर मारतात. ते वळले की मी मारते, जरा जास्तच जोरात.

बाबांच्या गळ्यात मोजणीचं जुनं स्टीलचं यंत्र असतं. बटण दाबलं की ते घशातून बोलल्यासारखं खट् वाजतं. माझं प्लास्टिकचं, टिक वाजतं. ते खट् मागून येत असलं, की मला जगाची फारशी काळजी वाटत नाही.

२

तिसऱ्या फेरीपर्यंत सगळं सुरळीत होतं.

ओट्यापासून थोड्या अंतरावर बंद पडलेल्या पंपाची खोली आहे. आत एक बाक, गंजलेला पंप आणि भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेषा, एकीवर एक. तिथे बसून थर्मासमधला चहा पीत आम्ही तक्ते जुळवतो. बाबा नाव घेतात, मी आकडा सांगते. दोन्ही तक्त्यांवर आहे ते टिकतं. एकाच्याच तक्त्यावर असलेली नोंद तपासणीत खोडली जाते.

"टिबुकली?"

"एकोणीस."

"माझ्या वीस. एखादी बुडी मारून बसली असेल तुझ्या वेळी. शेकाट्या?"

"बारा."

"बारा. चांदवा?"

"एकशे चार. बाबा, माझी साखर तुमच्या कपात गेली."

"असू दे, गोड बोलेन दिवसभर." मग त्यांनी चष्मा वर सरकवला. "ओळख पटली नाही, एक. अंतर चारशे दहा."

मी माझा तक्ता पाहिला. तसलं काही नव्हतं. असणारच नव्हतं, कारण मला वाटलं ते थट्टा करताहेत. नालीत पडलेलं पीस बघून हा माणूस पक्ष्याचं नाव सांगतो, वय सांगतो आणि मनात आलं तर स्वभावही सांगतो. माझ्या चौदा वर्षांत त्यांच्या तक्त्यावर हे तीन शब्द मी कधी पाहिले नव्हते.

"दिसलं की ऐकलं?" मी नेहमीचं विचारलं.

"दिसलं."

"कसं होतं?"

त्यांनी विचार केला. बाबांना विचार करावा लागला, हेच मला आवडलं नाही.

"उभं होतं," ते म्हणाले. "तोंड इकडे होतं."

३

मी काय केलं असेल? कुणीही लेक करेल तेच केलं. पुढच्याच आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी थेंब टाकले, दिवा मारला, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. बाबांनी अक्षरं तर वाचलीच, वर तक्त्याखालचं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. ते मला खुर्चीतून उठून जवळ गेल्याशिवाय दिसलं नाही.

"यांचं दूरचं माझ्यापेक्षा चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. "तुमचं तपासू का?"

बाबा घरी येईपर्यंत हसत होते. मीही हसले, पण डोळे चांगले आहेत म्हटल्यावर शंका एक मजला वर चढली. बाबांच्या वडिलांना शेवटी शेवटी कोपऱ्यात माणसं बसलेली दिसायची. त्या आठवड्यात मी बाबांवर नजर ठेवली. त्यांनी शब्दकोडं नेहमीसारखं पेनाने सोडवलं. वाण्याची चूक पकडली. आईशी मीठ जास्त की कमी यावर वीस मिनिटं भांडले आणि जिंकले. डोकं तर ठणठणीत होतं.

चौथ्या फेरीत त्यांनी लिहिलं, ओळख पटली नाही, एक. अंतर एकशे ऐंशी.

जागा बदलल्यावर मी त्याच पाण्याकडे पूर्ण दहा मिनिटं बघत होते. दूरवर पाणकणसांची दाट रांग, अलीकडे मोकळं पाणी, त्यावर तीन टिबुकल्या. बस्स. एक मात्र खरं, त्या तीन टिबुकल्या एकीकडे सरकून होत्या. एका ठिकाणाला वळसा घालून जात होत्या, आपण रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाला घालतो तसा. तिथे बुडालेलं खोड असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पाण्यात खोडं असतातच.

४

पाचव्या फेरीला अंतर चाळीस होतं.

दहा मिनिटं संपल्याची घंटा माझ्या फोनवर वाजली, तशी मी पंपाच्या खोलीची वाट न बघता तिथेच वळले. "दाखवा," म्हटलं. "कुठे?"

बाबांनी हात लांब केला. त्यांच्या बोटाच्या रोखाने मी पाहिलं. पाणी होतं. कोवळं ऊन होतं. चाळीस मीटर म्हणजे काहीच नाही, तिथे बेडूक असता तरी मला त्याचा गळा हलताना दिसला असता.

"अजून आहे?"

"आहे की. आता जरा मान खाली घातलीय. तू एकदम वळलीस ना, म्हणून."

मला रडू यायच्या बेतात होतं. त्यांना खोटं पाडायचं म्हणून नव्हे, तर हे एकदाचं संपावं म्हणून मी अंतर मोजायचं यंत्र काढलं. हे डोळ्याला लावून बटण दाबायचं, की समोर जे काही पहिलं आडवं येईल तिथवरचं अंतर ते सांगतं. मोकळ्या पाण्यावर धरलं, तर पलीकडची पाणकणसं लागतात. मी डावीकडे धरलं. दोनशे एक्केचाळीस. उजवीकडे धरलं. दोनशे अडतीस.

मग बाबांच्या बोटाच्या रोखाने धरलं. चाळीस.

काचेवर दव असणार. मी काच सदऱ्याच्या टोकाने पुसली, दोनदा पुसली. पुन्हा धरलं. एकोणचाळीस. डावीकडे दोनशे एक्केचाळीस, मध्ये एकोणचाळीस. समोर फक्त ऊन पडलेलं पाणी.

परत बटण दाबलं तर अडतीस.

मी यंत्र पिशवीत घातलं आणि म्हटलं, याची बॅटरी उतरलीय. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी लहानपणी तापाने फणफणले असताना ठेवायचे तसा, आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

५

बुधवारी तपासणी कार्यालयाचं पत्र आलं. तिथे एक बाई आहेत, आमच्या घरात त्यांचं नाव लाल पेन. वाईट नाहीत, फक्त काटेकोर. त्यांनी लिहिलं होतं, की तीन फेऱ्या सलग एकाच निरीक्षकाच्या तक्त्यावर एक नोंद एकटीच आली आणि खोडावी लागली. शेवटच्या फेरीतही तसंच झालं, तर त्या निरीक्षकाचे हंगामातले सगळे तक्ते रद्द होतील. खाली शाईने दोन ओळी होत्या: सरांना माझा नमस्कार. मी त्यांच्याकडेच शिकले, म्हणून हे लिहिताना हात जड झाला.

याचा अर्थ सरळ होता. बाबांचे तक्ते गेले की माझे एकटीचे राहतात, आणि एकटीचे चालत नाहीत. मग पाहणीच झाली नाही असं धरलं जातं. वसाहतवाल्यांच्या कागदात या पाण्याला डबकं म्हटलंय, तेच खरं ठरतं. ट्रक रांगेत उभे आहेत, मी येताना पाहिले होते. आणि बत्तीस वर्षं ज्याच्या आकड्याला कुणी बोट लावलं नाही त्या माणसाचा अख्खा हंगाम लाल रेघेखाली जातो.

जेवणाच्या टेबलावर मी पत्र वाचून दाखवलं.

"या वेळी ते लिहू नका," मी म्हटलं. "एवढंच करा, बाबा. माझ्यासाठी."

"दिसलं नाही तर नाही लिहिणार."

"आणि दिसलं तर?"

"तर लिहीन."

"मग मीही लिहिते. दोघांचं जुळलं की कोण खोडतंय?"

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. ते माझ्यावर क्वचित चिडतात. "न दिसलेलं लिहायचं नाही, दिसलेलं गाळायचं नाही. एवढं एकच तर शिकवलंय तुला. बाकी सगळं तू पुस्तकात वाचलंस."

आईने मध्ये भांडं सरकवलं. "मला बघायला आले होते तेव्हाही हे असेच," ती म्हणाली. "घरी जाऊन यांच्या बहिणीने विचारलं, नाक कसं आहे मुलीचं? तर म्हणे, नीट दिसलं नाही, दिव्याचा उजेड मागून होता. नणंद अजून टोमणे मारते. यांच्याशी डोकेफोड करू नकोस."

मी हसले नाही. पाण्याची काळजी होती, पण खरं सांगायचं तर भीती बाबांची होती. आपलं माणूस आपल्याला न दिसणाऱ्या ठिकाणी एकटंच बघत उभं आहे, यासारखं वाईट काही नसतं.

आई उठून गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "ठमे, ते वाईट नाहीये."

"तुम्हाला काय माहीत?"

"दर वेळी जरा जवळ येतं. बिचकत बिचकत. इतकी वर्षं तिथे असेल, आणि कुणी मोजलं नसेल." त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या ताटातली भाजी वाढली. "कुणी आपली नोंद घेतंय म्हटल्यावर आपणही जरा पुढे सरकतोच की."

६

शेवटच्या शनिवारी पाण्यावर पातळ धुकं होतं. पंपाच्या खोलीत बूट चढवले आणि बाबांचा चष्मा सापडेना.

"तू हो पुढे, वेळ गाठ," ते पिशवी उपसत म्हणाले. "मी आलोच."

सहा बेचाळीसला मोजणी सुरू व्हायलाच हवी, मिनिट इकडेतिकडे झालेलं लाल पेनला खपत नाही. मी ओट्यावरून निघाले. या फळ्या पायाखाली आल्या की कुरकुरतात, आणि सुरुवातीची तिसरी तर किंचाळतेच. टोकाला पोचले, उगवतीकडे तोंड केलं, फोनवर दहा मिनिटं लावली आणि टिबुकल्यांपासून सुरुवात केली.

जेमतेम अर्धं मिनिट झालं असेल, तोच पाठीला पाठ लागली.

मला हायसं वाटलं. चष्मा सापडला तर. बोलायचं नसतं, म्हणून मी कोपराने हलकंसं ढोसलं. मागून उत्तर आलं नाही, पण लगेच ते ओळखीचं खट् ऐकू आलं, मग थोड्या वेळाने पुन्हा खट्, आणि मी निवांत मोजायला लागले.

बाबा पाणकणसांना घासून आले असावेत, कारण त्यांचं जाकीट ओलं होतं. माझ्या स्वेटरमधून गारवा आत येत होता. आणि एरवी ते नुसती पाठ टेकवतात, आज भार टाकला होता. थकलेत, माझ्या मनात आलं. सत्तरीला आले. पाठीची हाडं किती लागायला लागलीत, आणि आज जरा उंच का वाटताहेत, मीच वाकले की काय? पुढच्या हंगामाला त्यांना घरी बसवावं, या विचारासरशी माझे डोळे भरून आले आणि एक चांदवा दोनदा मोजला गेला. मी मनातल्या मनात तो वजा केला.

चार मिनिटं उरली असताना ओट्याची तिसरी फळी किंचाळली.

मग खोकला ऐकू आला. सकाळच्या गार हवेत बाबांना येतो तो, दोन लहान, एक मोठा. तो ओट्याच्या तोंडाकडून आला. पावलं दोन फळ्या पुढे आली आणि थांबली. त्यानंतर तिकडून, लांबून, स्टीलच्या यंत्राचं खट् आलं.

माझ्या पाठीशीही खट् वाजलं.

माझं डोकं ताबडतोब कामाला लागलं, ते बिचारं नेहमीच लागतं. पाण्यावर आवाज परत फिरतो, त्याने सांगितलं. मग म्हणालं, लाल पेन स्वतः तपासायला आल्या असतील. शक्य आहे. पण त्या माझ्या पाठीला टेकून का उभ्या राहतील? आणि मग आठवलं, की हे जे मागे उभं आहे ते आलं तेव्हा एकही फळी कुरकुरली नव्हती.

वळायचं नव्हतं. नियम होता म्हणून नाही, मला जमलंच नसतं. मी फक्त डोळे उजवीकडे ओढले, जिथे एरवी बाबांचं कोपर दिसतं. तिथे काहीतरी दुमडलेलं होतं, माझ्या कोपराशी नीट जुळवून, मी धरते तसंच धरलेलं. ओलं होतं. त्याला सांधे खूप होते. त्यातला एक हलला आणि खट् वाजला, आणि पाण्यात नेमकी तेव्हाच एक टिबुकली वर आली. तेही मोजत होतं.

मी डोळे समोर आणले. ती टिबुकली लिहिली.

घंटा वाजली. मी ती बंद केली आणि खूप हळू म्हणाले, "बाबा, तिथेच थांबा."

"थांबलोय," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता, मी शाळेच्या गर्दीतून बाहेर येताना त्यांना एकदाची दिसायचे तेव्हा असायचा तसा. "दमानं, ठमे. घाई करू नकोस."

"दिसतंय तुम्हाला?"

"दिसतंय. लिहिलंसुद्धा. ओळख पटली नाही, एक. अंतर बावीस."

"आणि मी किती लांब आहे?"

"तूही बावीस."

तक्त्याची शेवटची ओळ रिकामी होती. मी लिहिलं नाही, तर बाबांचा हंगाम जाणार, पाणी जाणार, आणि पाठीशी जे काही होतं त्याच्यावर मातीचे ट्रक रिकामे होणार. लिहिलं, तर आयुष्यभर लोक मला बाबांसारखीच म्हणणार. तसं मला घरात आधीपासूनच म्हणतात.

"तुझ्याकडे आहे का?" बाबांनी विचारलं. अगदी तक्ते जुळवतानाच्या आवाजात.

"एक."

"दिसलं की ऐकलं?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "टेकलंय."

"मग तसंच लिही," बाबा म्हणाले.

मी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं. खाली सही केली. पेनाची खरखर थांबली तसा पाठीवरचा भार आधी किंचित सैल झाला आणि मग सगळाच्या सगळा आला, कुणीतरी फार लांबून कुठेही न टेकता चालत आल्यावर अखेर अंग सोडून द्यावं तसा. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याच वेळी त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की मी दात घट्ट आवळून धरले.

दहा मिनिटं केव्हाच संपली होती, आता वळले असते तरी चाललं असतं. मी पाय जरा फाकवून फळीवर रोवले, म्हणजे त्याचा तोल जाणार नाही.